दोघी जावा, एकच ऊन, एकच ट्यूब

करवीर तालुक्यातलं एकत्र कुटुंब. चारेक एकर ऊस, दोन म्हशी, दूध डेअरीला. घरात दोन सुना. थोरली ३६ वर्षांची, माहेर तळकोकणातलं. गोरी, डोळे घारे, उन्हात गेली की आधी लालबुंद होते आणि मग सावकाश रापते. धाकटी २९ ची, माहेर कागलकडचं. गडद सावळी, जन्मात कधी उन्हानं भाजल्याचं तिला आठवत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण मांडतो आहे.

जोतिबाची चैत्री यात्रा होऊन चार दिवस झाले होते. माझ्या दवाखान्यात नंबर थोरलीच्या नावानं लावलेला, धाकटी सोबतीला आलेली. पहाटे घर सोडून दोघी वाडी रत्नागिरीला पोचल्या होत्या आणि सासनकाठ्या बघत भर दुपारपर्यंत उघड्यावर उभ्या राहिल्या होत्या. थोरलीच्या दंडावर ब्लाऊजची बाही संपते तिथं आखून काढल्यासारखी रेघ होती. वर नेहमीचा रंग, खाली तांबडं आणि साल सुटायला लागलेली. पाठीवर गळ्याच्या कापाएवढा तांबडा अर्धगोल. चेहरा दंडापेक्षाही जास्त सोललेला. रात्री पाठ टेकवेना म्हणून सासूबाईंनी तूप चोळलं होतं.

हे निदान सोपं. उन्हाचा भाजका तीन ते पाच तासांनी जाणवायला लागतो, बारा ते चोवीस तासांत कळसाला जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून साल निघते. गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, ठणका असेल तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी. तूप, टूथपेस्ट, बर्फाचा खडा यांतलं काही नको. तूप लावलं की उष्णता आतच कोंडते. थोरलीला एवढं सांगून चिठ्ठी लिहिली. माझं लक्ष एव्हाना खुर्चीत मागं सरकून, पदर गालावर ओढून बसलेल्या धाकटीकडं गेलं होतं.

"तुमच्या चेहऱ्याला काय झालंय?"

"माझं काय न्हाई डॉक्टर. वांग हाय नुसतं. मी कुठं भाजलोय? अक्कांचं बघा आधी."

या घरात उन्हानं कुणाचं नुकसान केलं, याचा हिशेब असा चालत होता. जी लाल झाली तिच्यासाठी तूप, रिक्षा, दवाखाना. जिच्या दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर आणि कपाळावर तीन वर्षं डाग बसून होते, तिचं "काय न्हाई". थोरलीचं दुखणं आठवड्यात विसरलं जाणार होतं. धाकटी तीन वर्षांत एकाही लग्नात फोटोला पुढं उभी राहिली नव्हती, हे थोरलीनं सांगितलं. ती स्वतः बोलली नसती.

ट्यूब

पदर बाजूला झाल्यावर दिसलं ते नुसतं वांग नव्हतं. दोन्ही बाजूंना सारखे तपकिरी डाग, गालाच्या उंचवट्यावर किंचित राखाडी छटा. त्यावर लाली, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, जबड्याच्या कडेनं पुटकुळ्या आणि गालावर कोवळी लव वाढलेली. उन्हात गेलं की चेहरा "मिरची लावल्यागत" झोंबतो, असं तिनं सांगितलं. एवढी लक्षणं एकत्र दिसली की मी पहिला प्रश्न विचारतो तो क्रीमचा.

पर्समधून शेपटाकडून गुंडाळत आणलेली ट्यूब निघाली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, म्हणजे डाग फिकट करणारं औषध, साल पातळ करणारं औषध आणि स्टेरॉइड असं तिघांचं मिश्रण. हे मिश्रण वाईट नाही. वांगावर ते आम्हीही देतो, पण काही आठवड्यांपुरतं, रात्री, डागापुरतं, नजरेखाली. तिनं ते दीड वर्ष, रोज दोनदा, सगळ्या चेहऱ्याला लावलं होतं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला आणि म्हणूनच सवय लागली. पुढं लावलं नाही की झोंबायचं, लावलं की थांबायचं. चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम असलेली ही ट्यूब गावोगाव पावडर-कुंकवासारखी विकली जाते, हे या प्रकरणातलं मला सर्वांत खटकणारं.

आणि मग थोरली म्हणाली, "हीच तर मी बी लावतो उन्हाला जाताना. ऊन लागू नये म्हणून."

यात्रेच्या पहाटेही तिनं ती चेहऱ्याला चोपडली होती. गोऱ्या गोमट्या बाईचा फोटो असलेलं खोकं, दुकानदारानं सांगितलेलं "चेहऱ्यासाठी चांगलं", एवढ्यावर घरानं ते सनस्क्रीन ठरवून टाकलेलं. त्यातल्या ट्रेटिनॉइननं वरचा थर पातळ होऊन कातडी उन्हाला उलट जास्त हळवी होते. दंडाला ट्यूब नव्हती, चेहऱ्याला होती, आणि चेहरा जास्त सोलला होता. त्यामागं हेच कारण.

कातडीचा प्रकार: भाजणं आणि डाग

कातडीचे सहा प्रकार जगभर वापरले जातात. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्यांची मांडणी केली, ती सोरालेन हे औषध देऊन अतिनील किरणांचे उपचार करताना गोऱ्या माणसाला किती मात्रा सोसेल हे ठरवण्यासाठी. त्यामुळं प्रश्न दोनच: भाजतं का, रापतं का. तेव्हा प्रकार चारच होते. तपकिरी आणि काळ्या कातडीसाठी पाचवा आणि सहावा नंतर जोडला गेला. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्यात बसतात. थोरली तिसऱ्यात, धाकटी पाचव्यात.

पाचवा प्रकार म्हणजे "सहसा भाजत नाही". ते खरंच आहे. मेलॅनिन, म्हणजे कातडीतला रंग, हा अंगचाच पडदा. अमेरिकेत १९७९ साली झालेल्या मोजणीत आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या कातडीचं अंगभूत संरक्षण सरासरी एसपीएफ (सनस्क्रीनच्या खोक्यावर असतो तोच आकडा) १३.४ च्या घरात भरलं, गोऱ्यांचं ३.४. धाकटी या दोन टोकांच्या मधे कुठं तरी. म्हणून थोरलीला दोन तासांत जे झालं ते धाकटीला अख्ख्या यात्रेत झालं नाही.

पण हा पडदा ज्या पेशी विणतात, त्याच गडद कातडीत चिडक्याही असतात. ऊन, पुटकुळी, भाजलेलं, खाजवलेलं, कशानंही डिवचलं की जास्तीचा रंग ओततात. म्हणून मी फिट्झपॅट्रिकच्या प्रश्नांना तिसरा जोडतो: डास चावला किंवा पुटकुळी आली, तर तिचा काळा डाग किती दिवस राहतो? थोरली म्हणाली, "राहत न्हाई." धाकटी म्हणाली, "सहा म्हैनं." गडद कातडीच्या माणसाला उन्हापासून किती जपायचं, याचा अंदाज मला पहिल्या दोन प्रश्नांपेक्षा या उत्तरावरून जास्त नीट येतो.

एक बाजूची सूचना: गडद कातडीत त्वचेचा कर्करोग कमी, पण मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, होतो तेव्हा तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. तळपायावर वाढणारा काळा डाग "चप्पल चावली असंल" म्हणून सोडू नये.

मागचा इतिहास

वांग सुरू झालं दुसऱ्या बाळंतपणात, सातव्या महिन्यात. ते गरोदरपणात येतं आणि बऱ्याच जणींचं नंतर फिकं होतं. धाकटीचं झालं नाही. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झाल्यापासून ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती आणि त्यांतले हार्मोन्स हेच वांगाचं खत. शिवाय तिच्या आईलाही वांग. शिवाय शेत. शिवाय हंगामात शेजारच्या गुऱ्हाळावर काहिलीजवळ काम. चुलवाणाच्या धगीचाही वांगाला हातभार लागतो, असं मानायला जागा आहे.

ट्यूबच्या आधी लिंबू झालं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा रस चोळून ती तशीच भांगलायला गेली. दोन दिवसांनी जबड्यावरून मानेकडं ओघळासारखा काळा पट्टा उठला, तो कित्येक महिने राहिला. लिंबात सोरालेनच्या कुळातली रसायनं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की तिथं रासायनिक भाजका होतो. म्हणजे फिट्झपॅट्रिक ज्या उपचाराची मात्रा मोजत होते, तोच उपचार हिनं बांधावर बिनमापाचा घेतला. कोडावर बावची लावून उन्हात बसतात, ती युक्तीही याच रसायनाची.

आणि तिसरी भानगड. गुडघे दुखतात म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं होतं: ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. त्यांनी सांगितलेलं "कोवळ्या उन्हात बसा" ती इमानानं पाळत होती. सकाळी सातला अंगणात, चेहरा उन्हाकडं करून.

"एक डॉक्टर म्हणतोय ऊन घ्या. तुम्ही म्हणताय घेऊ नका. मी करू तरी काय?"

तिचा वैताग रास्त होता, आणि उत्तर तिच्या कपड्यांत होतं. ती शेतात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्यावर पदर, त्यावर टॉवेल. हात, पाय, पाठ, सगळं झाकलेलं. दिवसभर उघडं राहतं ते तोंड. चेहऱ्याला सगळं ऊन, अंगाला काहीच नाही. चेहरा हा अंगाच्या कातडीचा जेमतेम विसावा भाग; तेवढ्यावर ड जीवनसत्त्व होत नाही, वांग मात्र होतं. त्यात गडद कातडीला तेवढंच ड बनवायला जास्त वेळ लागतो. आणि सातचं ऊन? अतिनील किरणांतल्या ज्या यूव्हीबी किरणांनी ड तयार होतं, ते सूर्य खाली असताना हवेतच अडतात. सातच्या उन्हाला अंग शेकतं, ड जवळपास होत नाही.

म्हणून तिच्यापुरता निर्णय असा: ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, मग पुन्हा तपासणी. ऊन घ्यायचंच तर सकाळी दहाच्या पुढं, चेहरा झाकून, पोटऱ्या आणि कोपरापर्यंतचे हात उघडे ठेवून. म्हशी घरच्या असून दूध सगळं डेअरीला आणि घरात चहापुरतं, हेही मी बोलून घेतलं. सासूबाईंना निरोप पोचला असावा, कारण पुढच्या खेपेला त्या स्वतः सोबत आल्या.

कोल्हापूरचं ऊन, घड्याळात

आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, कोल्हापूर ७४ च्या थोडं पुढं. त्यामुळं इथं सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. "बाराच्या आत उरकू" म्हणणारी माणसं खऱ्या मध्यान्हाला घराच्या वाटेवर असतात. उन्हाची धार ओळखायला यंत्र लागत नाही: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत. हिशेब मांडला तर कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात ही वेळ साडेनऊपासून साडेतीनपर्यंत, आणि डिसेंबरच्या शेवटी फक्त सव्वाअकरा ते दोन. उन्हाळ्यात निरभ्र दुपारी इथला यूव्ही निर्देशांक अकराच्या पुढं जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ती सर्वांत वरची, 'टोकाची' पायरी.

थोरलीचा तर्क होता की डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ गेलो म्हणून भाजलो. उंचीनं अतिनील किरण वाढतात, पण हजार मीटरला दहाएक टक्के. जोतिबाचा डोंगर शहरापेक्षा तेवढा उंच नाही. तिला भाजलं ते सावलीशिवाय काढलेल्या तासांनी.

आणि पावसाळा. सूर्य कोल्हापूरच्या बरोबर माथ्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी ढग असतात म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराचसा भाग खाली येतोच. हे मी त्या दिवशी सांगितलं होतं. ते का, पुढं येईलच.

काय ठरलं

पहिली गोष्ट, ट्यूब बंद. थोरलीची त्याच दिवशी, ती कधीमधीच लावायची. धाकटीची एकदम बंद केली तर चेहरा पेटणार, म्हणून सौम्य स्टेरॉइडवर आणून हळूहळू.

दुसरी, कापड. सनस्क्रीनच्या आधी मी कापड सांगतो, आणि ते काटकसरीमुळं नाही. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ ओढून निघेल एवढं सनस्क्रीन लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-साडेतीन आठवड्यांत संपते आणि पाचशे-सहाशे रुपये जातात. अंगभर लावायचं तर एका वेळेला ३० मिलीच्या आसपास. हे परवडत नाही म्हणून लोक वाटाण्याएवढं लावतात, आणि मग खोक्यावरचा ५० आकडा कागदावरच राहतो, कारण तो प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. शर्टाची बाही घामानं उतरत नाही. फक्त कापड उजेडाकडं धरून बघायचं: आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार. धाकटीचा सिंथेटिक पदर या परीक्षेत नापास. नवऱ्याचा गडद निळा शर्ट पास. टॉवेल डोक्यावर होता पण कपाळावर सावली पाडत नव्हता, म्हणून खाली रुंद काठाची टोपी. टोपीवर ती हसली. "बाया काय म्हणतील?" भावकीतल्या बायका काय म्हणतील याला माझ्याकडं औषध नव्हतं. थोरली म्हणाली, दोघी घालू.

घरच्या रानातली भांगलण सकाळी लवकर उरकून दहाला घरी, हे जमण्यासारखं होतं. धारा काढायचं काम थोरल्या दिरानं उचललं. पैऱ्याला किंवा मजुरीनं जाताना वेळ आपल्या हातात नसते. तिथं टोपी, शर्ट आणि दुपारची भाकर झाडाखाली.

सनस्क्रीन दोघींना वेगवेगळं, आणि इथं कातडीचा प्रकार खरा उपयोगी पडतो. एसपीएफ हा आकडा कातडी लाल व्हायला किती वेळ लागतो यावर बेतलेला. थोरलीचा प्रश्न लाल होण्याचाच, म्हणून तिला एसपीएफ ५० चं साधं, यात्रा-लग्न-प्रवास अशा दिवशी, दर दोन तासांनी. तिच्या मुलाची कातडी तिच्यावर गेलेली. त्यालाही मैदानावर जाताना. धाकटी लाल होतच नाही, तर तिला एसपीएफचा आकडा काय सांगणार? तिला यूव्हीए, म्हणजे फारसं लाल न करता रंग गडद करणारे अतिनील किरण, रोखणारं, खोक्यावर पीएपुढं चार अधिक चिन्हं असलेलं, हवं होतं. शिवाय गडद कातडीत रंग चाळवायला डोळ्याला दिसणारा साधा प्रकाशही पुरतो, आणि त्याला पारदर्शक सनस्क्रीन अडवत नाही. लोहाच्या ऑक्साइडचा रंग मिसळलेलं, कातडीच्याच छटेचं सनस्क्रीन तो अडवतं. पांढरं झिंकवालं तिच्या चेहऱ्यावर पीठ फासल्यासारखं दिसायचं. रंगाचं लावल्यावर डागही झाकले गेले. ती ते रोज लावते यामागं माझ्या सांगण्यापेक्षा हेच कारण मोठं आहे.

पुढं काय झालं

तिसऱ्या आठवड्यात चेहरा पेटला. लाली, आग, पुटकुळ्या दुप्पट. नवऱ्याचा फोन आला, "डॉक्टर, औषधानं तोंड बिघडलं की ओ." हे होणार म्हणून आधी सांगितलं होतं, तरी रोज आरशात बघणाऱ्याला ते पटणं अवघड. अशा पुटकुळ्यांवर नेहमीचं औषध डॉक्सिसायक्लिन; पण त्यानंच ऊन जास्त बाधतं आणि हिचं काम रानात, म्हणून ते टाळलं. टॅक्रोलिमस मलम आणि मॉइश्चरायझरवर दीड महिन्यात आग निवली. मग वांगासाठी ॲझेलेइक ॲसिड.

पोटातून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचं मनात होतं, पण हार्मोनच्या गोळ्या चालू असताना ते देता येत नाही. दोन्ही मिळून रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तिनं स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तांबी बसवून घेतली. घरात कुणाला गुठळ्यांचा त्रास नाही हे विचारून मग २५० मिलिग्रॅम दोन वेळा, तीन महिन्यांपुरतं.

जुलैअखेर डाग फिके होते. ऑगस्टअखेर पुन्हा गडद. आडसाली लागण सुरू झालेली, आभाळ भरलेलं, टोपी खुंटीला आणि सनस्क्रीन फडताळात. "ऊनच नव्हतं डॉक्टर," ती म्हणाली. थोरली शेजारून म्हणाली, "सांगितलं हुतं की त्यांनी." टोपी परत आली.

दिवाळीनंतरच्या तपासणीत तपकिरी भाग डोळ्यानं पाहता निम्म्यानं उतरला होता, लव आणि लाली गेली होती. ड जीवनसत्त्व ३१. गालाच्या उंचवट्यावरची राखाडी छटा जशीच्या तशी आहे. तिथला रंग कातडीच्या खालच्या थरात उतरलेला, मलमाला तो दाद देत नाही. लेझर करू का, असं तिनं विचारलं. तिच्या रंगाच्या कातडीत लेझरनं डाग आणखी गडद होण्याची भीती मोठी, म्हणून नको म्हणालो. ट्रॅनेक्झॅमिक बंद केलं आहे. ॲझेलेइक आणि रंगाचं सनस्क्रीन चालू आहे. पुढची तपासणी गुऱ्हाळाचा हंगाम संपल्यावर, यंदाच्या यात्रेच्या आधी.